चौथ्यानंतरचं पाचवं

व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. समोरच्याला बोलतं करायचं ही माझी नोकरी. स्वतःविषयी मात्र तोंड मिटून राहिलो.

वडनेरकडचा एक सुतार आमच्याकडे उपचार घेऊन घरी गेला. काही दिवसांनी त्याची बायको आली. "सर, दारू बंद हाय. दर रविवारी विहारात येतात. पण पंचशील घेताना चार शीलं म्हणतात अन् पाचव्याले गप! बाया माह्याकडे पाहून हासतात."

पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. मी त्याला बोलावलं. "काऊन हो, गप काऊन राहता?"

"चौथं काय हाय सर? खोटं बोलणार नाही. ते म्हणून लगेच पाचवं कसं म्हणू? मले माह्याच भरोसा नाही अजून."

मी म्हणालो, "म्हणत जा. म्हणता म्हणता अंगवळणी पडते." हे मी कुठे शिकलो होतो, कोण जाणे.

त्यानं पाचवं म्हटलं, मोठ्यानं. बायकोनं त्या दिवशी शिरा केला. पुढे तो प्याला, आणि विहार सुटला, केंद्रात येणंही सुटलं.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो पाटाला रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "पहिले नुसता बेवडा होतो सर. तुम्ही खोटारडाबी करून ठेवला."

"चला ना रविवारी. गप उभे राहा पाहिजे तर."

"येतो. चार मी म्हणतो. पाचवं माह्या वाटचं तुम्ही म्हणा."

टोमणा होता की विश्वास, मला कळलं नाही. माझ्या गालात तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. केंद्रात शिरताना थुंकतो, चूळ भरतो, बाहेर पडलो की पुन्हा पुडी उघडतो. कित्येक वर्षं. आणि विहारात पाचही शीलं खणखणीत म्हणतो. तंबाखू त्यात धरतात की नाही, हे भंतेजींना विचारायचं मी टाळत आलो. उत्तर ठाऊक असल्यासारखं टाळत आलो.

रविवारी तो आला. शेजारी उभा राहिला. चौथं झालं, त्याचा आवाज थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून मी पुडी उघडली नव्हती, एवढंच माझ्याजवळ होतं.

मी म्हणालो. हळू. त्याच्या वाटचं म्हणालो. माझ्या वाटचं म्हणालो की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.