वाचून न दाखवलेलं पान

शालिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच लिखाणातलं एक वाक्य खोडत होतो. फोन ठेवला आणि उरलेलं वाक्यही खोडलं... एवढा मी शहाणा.

नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलेजात ती माझी सहकारी. शाश्वत विकासाच्या कामांत तरुण मुलंमुली स्वतः किती बोलतात, यावर आजवर काय संशोधन झालं, हा तिचा विषय. आधी रेडिओ, मग पथनाट्य, आता मोबाइलवरचे व्हिडिओ. अभ्यासाचा कल कसा सरकत गेला ते सांगता सांगता ती चिडायची. "यंत्रं बदलली रे. पोरांनी काय बोलायचं, ते आपणच ठरवून राह्यलो!" म्हणून तीर्थपुरीजवळच्या एका गावातल्या मुलींकडून ऐकलेलं ती लिहून काढायची, परत जाऊन त्यांना वाचून दाखवायची आणि त्यांनी होकार दिला तरच ठेवायची. यात लिखाण वर्षानुवर्षं रखडलं. मी तिला 'पोरींची कारकून' म्हणायचो. ती हसायची.

दवाखान्यात तिने कागद माझ्या हाती दिले. "भाषा तेवढी बघ. पोरींचं बोलणं हलवू नको. अन् छापायच्या आधी वाचून दाखव, बराबर?" मी मान डोलावली.

त्यात कोमल नावाच्या मुलीचं म्हणणं होतं, "पाणी समितीची बैठक मंदिरात असती. पाळी आली की आम्ही पायरी चढत न्हाई. मंग आमाला कोन इचारतंय?" छापील पुस्तिकेत मला ते बरं दिसेना. ते खोडून मी लिहिलं, 'सामाजिक अडथळ्यांमुळे युवतींचा सहभाग मर्यादित राहतो.' ती गेल्यावर महिन्याच्या आत पुस्तिका निघावी म्हणून घाई केली आणि वाचून दाखवणं राहून गेलं.

छापलेल्या प्रती घेऊन गावात गेलो. एक प्रत समितीच्या अध्यक्षांनाही दिली. बैठक शाळेत हलवावी, एवढंच मुलींना हवं होतं, त्यासाठीच त्या शालिनीशी बोलल्या होत्या. अध्यक्ष ते पान वाचून म्हणाले, "अडथळे काय, सगळ्यांलाच असतात." विषय तिथंच संपला. कोमल पानं उलटत होती. "सर, मंदिराचं कुठंय?" शालिनी, मी तुझा शब्द मोडला गं... आता माफी तरी कोणाकडे मागू?

तुम्ही वाचताय तो हा लेख छापायला पाठवण्याआधी मी तो कोमलला वाचून दाखवला. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत ठेवू का, विचारलं.

"ठेवा की," ती म्हणाली. "पन मी आता बैठकीला जातच न्हाई, सर. पाळी असो का नसो."