एक प्यादं अमानत

खरादी चाचांनी आयुष्यात कुणालाही बुद्धिबळाचा पुरता संच दिला नाही. बत्तीस मोहरे घडवायचे, एकतीस गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे आणि एक प्यादं स्वतःजवळ ठेवून घ्यायचं, हा त्यांचा रिवाज. नागभीडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी आरमोरीच्या शाळेत गणित शिकवते. मोजल्याशिवाय मी मेथीच्या जुड्यासुद्धा पिशवीत टाकत नाही. त्यामुळे आमचं पहिलंच काम भांडणाने सुरू झालं.

मुळात मला संच का हवा झाला, तेही सांगते. वरोऱ्याला बाबा असेपर्यंत आमच्या घरी रोज संध्याकाळी पट मांडलेला असायचा. प्लॅस्टिकचे मोहरे, त्यातला एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच. बाबा गेले आणि मी आरमोरीच्या भाड्याच्या खोलीत फोनशी खेळायला लागले. फोन चांगला खेळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो हरला तर कुरकुरत नाही आणि जिंकला तर "ठेव आता चहा" म्हणत नाही. मग मी त्याच फोनवरून एक लाकडी संच मागवला. ऐन मार्चच्या उन्हात तो आला आणि पहिल्याच डावात काळ्या मोहऱ्यांचा रंग माझ्या बोटांना लागला. शाळेतल्या शिपाईभाऊंनी माझे हात पाहिले. "मॅडम, नागभीडले खरादी चाचा असताना हा कचरा काऊन आणला?" असं म्हणून त्यांनी कानाला हात लावला.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर टिनाची एक शेड. दारात पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे रचलेले. आत लाकूड गोल घडवायची खराद फिरत होती आणि तिच्यापुढे पांढऱ्या दाढीत लाकडाचा भुसा अडकलेले चाचा. त्यांनी मशीन थांबवली, माझा संच उघडला, एक घोडा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हा घोडा नाई, बाई. हे तं कुत्रं आहे. अन् तेही भेलेलं."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण खरंच तो तसाच दिसत होता.

चाचा पांढरे मोहरे हळदूच्या लाकडाचे करत आणि काळे तेंदूच्या. आमच्याकडे तेंदू म्हटलं की बिडीचा पत्ता आठवतो. त्या जुन्या झाडाचा गाभा कोळशासारखा काळा निघतो, हे मी इथे जन्म काढूनही पाहिलं नव्हतं. चाचांनी तुकडा पाण्यात बुडवून माझ्या पांढऱ्या रुमालावर घासून दाखवला. डाग पडला नाही. "उपरवाल्यानं आतूनच काळा करून ठेवला आहे," ते म्हणाले, "मी कायले रंग लावू?"

घोडा मात्र खरादीवर होत नाही. राजा, वजीर, उंट, हत्ती सगळे गोल फिरवून निघतात, घोड्याला हातच लागतो. एका घोड्याला चाचांना दोन-दोन दिवस लागत. त्यांच्या सगळ्या घोड्यांची मान जराशी खाली झुकलेली असे. संच घडत असताना मी एकदा पाहायला गेले आणि बोलून गेले, "चाचा, हे घोडे दमलेले दिसतात. लढाईचे वाटत नाहीत."

"लढाईचा घोडा मी कुठी पाह्यला?" ते म्हणाले. "मी स्टेशनवरची टांग्याची घोडी पाह्यली. शेवटची. गाडी येवाची वाट पाहत दिवसभर अशी उभी राहे. तीच येते हातातून."

ते ऐकताना माझी मानही बहुतेक तशीच झाली असावी.

तीन महिन्यांनी संच तयार झाला. मी मोजला. पुन्हा मोजला. एकतीस.

"चाचा, पांढरं एक प्यादं कमी आहे."

"कमी नाई. हे पाहा." त्यांनी बंडीच्या खिशातून प्यादं काढलं, मला दाखवलं आणि परत खिशात टाकलं. "हे माह्याजवळ अमानत. एक पावसाळा जाऊ द्या. आपल्या पावसात लाकूड फुगते, मंग आकसते, तवा कुठी आपला सुभाव सांगते. दिवाळीनंतर सारा संच घेऊन या. मी एकेक मोहरा तपासतो, मंग आपण एक डाव खेळू. डाव संपला का प्यादं तुमचं."

"मले फसवून राह्यले का तुमी? एकतीस मोहऱ्यांनी मी चार महिने काय खेळू?"

चाचांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "चहा घेता, मास्तरीणबाई?"

काय सांगू, माझा राग तिथेच बसला. शाळेत, घरमालकांकडे, बाजारात माणसं मला पुष्कळ काही विचारत, पण समोर बसवून चहाचं फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. चहा घेताना त्यांच्या डोक्यामागची फळी दिसली. तिच्यावर प्याद्यांची ओळ मांडलेली होती. काही पांढरी, काही काळी, एकही दुसऱ्याच्या मापाचं नाही. बदलीवर आलेले साहेब, लग्नात भेट द्यायला संच नेणारे, नागपूरचे हौशी. यांच्यापैकी कुणी परत आलं नव्हतं.

"तिकडं काही तरी ठेवून खेळत असतील," मी म्हणाले. "बटण, नाही तर नाणं."

"येतील ना," चाचा म्हणाले. "घाई कोणाले आहे?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. नमाजाला जाण्याआधी दर शुक्रवारी ते त्या ओळीवरची धूळ फडक्याने पुसत. एकदा माझ्यासमोरच दारात मोटार थांबली. चाचा हात पुसत लगबगीने उठले, फळीकडे एक नजर टाकली. उतरलेल्या बाईंना लाटणं हवं होतं. चाचांनी सगळ्यात गुळगुळीत लाटणं काढून दिलं आणि परत येऊन बसले. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या पावसाळ्यात मी रिकाम्या जागी चिंचोका ठेवून खेळले. हळदूच्या पिवळट मोहऱ्यांमध्ये तो तपकिरी चिंचोका उठून दिसायचा. दिवाळीच्या सुट्टीत संच घेऊन नागभीडला गेले. चाचांनी प्रत्येक मोहरा सपाट काचेवर उभा करून पाहिला, एका उंटाचा तळ घासला, मग पट मांडला. चिंचोका पाहून एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "राहू द्या त्याले," म्हणाले, "आज तोच लढेल."

चाचांसारखा सावकाश खेळणारा माणूस मी पाहिला नाही. एका खेळीला अर्धा तास. मध्ये मशीनला तेल देतील, मध्ये गाडीची शिट्टी ऐकून "गोंदियाची आली" म्हणतील, आणि खेळायचं विसरूनच गेले की काय असं वाटत असताना एक प्यादं एक घर सरकवतील. पाच-सहा खेळ्या होईपर्यंत माझ्या एसटीची वेळ झाली. मी चौकटीच्या वहीत मांडणी उतरवून घेतली, चाचांनी तीच खरादीमागच्या भिंतीवर पेन्सिलने काढली. डाव संपला नव्हता, म्हणून प्यादं खिशातच राहिलं.

असा तो एकच डाव आम्ही चार वर्षं खेळलो. दिवाळीत एकदा, नाताळाच्या सुट्टीत एकदा, उन्हाळ्यात एक-दोनदा. दर वेळी तीन-चार खेळ्या, दोन चहा आणि शेवटी, "गाडी जाईल तुमची, उठा." त्यांची बायको गेली त्या वर्षी खराद सहा महिने बंद होती, हे त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितलं. बाबांच्या बुचाच्या हत्तीबद्दल मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. मी नागभीडला बुद्धिबळासाठी जात नव्हते, हे आता सरळ कबूल करते. प्यादं त्यांच्या खिशात होतं, तोवर मला तिथे जायला कारण होतं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी.

गेल्या दिवाळीत मला मात दिसली. चाचांचा राजा कोपऱ्यात, पुढे त्याचीच तीन प्यादी, आणि माझा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत जाऊ शकत होता. एक खेळी, खेळ खलास. माझा हात हत्तीवर गेलासुद्धा. मग मी घोडा पुढे नेला. नाताळात तोच घोडा मागे आणला. उन्हाळ्यात पुन्हा पुढे. गणिताच्या बाईने असं खेळावं! पण हत्ती हलला असता तर डाव संपला असता, आणि प्यादं घेऊन मी कुठे गेले असते?

यंदा मृग लागायच्या आधी चाचांचा निरोप आला, लवकर या. गेले तर शेड निम्मी रिकामी. खरादीवर काम करताना त्यांना दोनदा चक्कर आली होती आणि मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला न्यायला आला होता. तो तिकडे मशीनवर फर्निचर करतो. चांगला आहे पोरगा, बाहेर उभा राहून सामान बांधत होता.

चाचांनी भिंतीवरून मांडणी पाहत पट लावला. "तुमची खेळी," ते म्हणाले.

मी घोडा उचलला.

"ठेवा त्याले. बिचारा थकला येऊन-जाऊन." त्यांनी माझ्या हत्तीकडे बोट केलं. "मात दिवाळीपासून आहे, मास्तरीणबाई. मारून टाका आता."

मला कानकोंडं झालं. "तुमाले दिसत होती? मग एक प्यादं पुढं काऊन नाई केलं? राजाले जागा झाली असती."

"मी काऊन करू?" चाचा म्हणाले. "तुमी मारून राह्यल्या नाई, मी पळून राह्यलो नाई. चाललं होतं ना चांगलं."

मी हत्ती शेवटच्या ओळीत नेला. आयुष्यात एवढा जड मोहरा मी हलवलेला नाही. चाचांनी आपला राजा आडवा केला, खिशातून प्यादं काढलं, बंडीला पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. चार वर्षं खिशात राहून ते इतर प्याद्यांपेक्षा गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी पटावरचा चिंचोका उचलला आणि मुठीत धरला.

"हे आता माह्याजवळ अमानत," ते म्हणाले. "एक पावसाळा जाऊ द्या. मंग न्याले या."

"चिंचोका फुगत नाही, चाचा."

"तुमाले काय माहीत? तिकडचा पावसाळा पाह्यला का तुमी?"

फळीवरची सगळी प्यादी त्यांनी एका डब्यात भरली, चिंचोका त्यातच टाकला. एवढं ओझं कशाला, असं मुलगा म्हणाला तेव्हा डबा त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला. हैदराबादला जायला आधी बल्लारशाच्या गाडीत ते खिडकीशी बसले. गाडी सुटली तेव्हा साधा हात हलवायचा, तर तेही मला नीट जमलं नाही. नुसती उभी राहिले.

घरी येऊन संच मांडला. बत्तीसच्या बत्तीस. ज्या संचासाठी मी भांडले होते तो पुरा झाला होता, आणि मला तो बघवेना. गुंडाळून ठेवून दिला.

चाचांचे तीन फोन आले. पहिल्यात लिफ्टला शिव्या होत्या. दुसऱ्यात, मुलाच्या कारखान्यात लाकडाला लाकडाचा वास येत नाही, अशी तक्रार होती. तिसऱ्यात आवाज बारीक झाला होता. "पाऊस कितीक राह्यला तिकडं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, धान निसवायला लागलं, लोंब्या दिसतात, आता थोडाच. दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट मी त्याच दिवशी काढलं. बाबांनंतर कुणासाठी मी असे दिवस मोजले नव्हते.

सुट्टी लागायला आठवडा होता. मधल्या सुट्टीत फोन वाजला. चाचांच्या मुलाचा होता. अब्बा परवा गेले, त्याने सांगितलं, झोपेतच गेले. मी काही बोलले, काय ते आठवत नाही. व्हरांड्यात पोरांचा गलका चालू होता. फोन ठेवता ठेवता चाचांचा मुलगा जरा अडखळला.

"मॅडम, आणखी एक विचारायचं होतं. अब्बांच्या उशाशी प्याद्यांचा डबा होता. त्यात कागदात बांधलेला एक चिंचोका आहे. कागदावर 'मास्तरीणबाई, आरमोरी' असं लिहिलंय. हे काय आहे, मले काही समजलं नाही. टाकून देऊ का?"

"नका टाकू," मी म्हणाले. "तिकीट काढलंय. मी न्यायला येते."