उघडा हात

"बाई, तुम्ही हात चालवा. डोकं मी चालवतो."

सर हे सात विद्यार्थ्यांसमोर बोलले. पीएच.डी.ची नवी बॅच, प्रयोगशाळेतला त्यांचा पहिलाच आठवडा. दोघं-तिघं हसले. सरांनी त्यांना हसू दिलं.

मी एवढंच म्हणाले होते, "सर, ग्लोव्ह्ज घाला."

रक्तातून आरएनए काढायचं प्रात्यक्षिक चालू होतं. आरएनए फार नाजूक. त्याला खाऊन टाकणारं द्रव्य आपल्या कातडीवरच असतं. उघडं बोट लागलं की खेळ संपला. म्हणून ग्लोव्ह्ज. म्हणून टेबल पुसून घ्यायचं, नळीवर वाकून बोलायचं नाही. हे शिकायला मोठी पदवी लागत नाही. हे न शिकता मात्र मोठी पदवी मिळते, ते मी रोज बघते.

सरांच्या बोटात पुष्कराजाची जाडजूड अंगठी. ज्योतिषाने सांगितलंय, काढायची नाही. तिच्यावरून ग्लोव्ह चढत नाही, चढलाच तर फाटतो. म्हणून सर उघड्या हाताने शिकवतात. वर्षानुवर्षं. आणि वर्षानुवर्षं सरांची पाठ वळली की मी त्यांच्या नळ्या उचलून फेकत आले, त्यांच्या जागी माझ्या हातच्या ठेवत आले. विद्यार्थ्यांना वाटायचं, सरांचा हात काय साफ आहे!

मी देवळीची. आई आठवडी बाजारात बांगड्या भरायची. मी बी.एस्सी. केलं, लॅबचा डिप्लोमा केला, इथे टेक्निशियन म्हणून लागले. मुलाखतीत सरांनी आधी आडनाव विचारलं. ऐकून म्हणाले, "असं होय." त्यापुढे त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. पण पिपेटवर अंगठा किती दाबायचा, तपासणीच्या जेलच्या खाचेत नमुना कसा सोडायचा, त्यावर उमटणारे पट्टे कसे वाचायचे, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी शिकवलं. वेळापत्रकावर नाव सरांचं. माझं कुठेच नाही.

त्या दिवशी समोरचे नमुने सरावाचे नव्हते. कारंज्याची एक मुलगी इथे पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिकलसेल असलेल्या घरांतून बसने हिंडून तिने ते रक्त मिळवलं होतं, रुग्णांना बाहेरचं रक्त चढवण्याआधीचं. ते पुन्हा मिळणार नव्हतं. नव्या बॅचला 'खरे नमुने' दाखवायचे म्हणून सरांनी डीप फ्रीजरमधून तेच काढायला लावले. ती बिचारी बाजूला उभी होती. तिचे गाईडही सरच. काय बोलणार?

मी पुन्हा बोलले. राग आला की माझी भाषा देवळीची होते. "सर, हे तिचे नमुने हायेत. सारे खराब होतीन."

"आधी मराठी नीट बोला," सर म्हणाले, "मग मला विज्ञान शिकवा."

या वेळी सगळे हसले.

मी हात मागे बांधले आणि उभी राहिले. नळ्या बदलल्या नाहीत. बदलायला तसे दुसरे नमुने नव्हतेच. पण खरं सांगते, असते तरी मी हात लावला नसता. इतकी पेटले होते.

दुपारी नमुने जेलवर तपासले, त्याचा फोटो निघाला. आरएनए चांगला असेल तर दोन ठळक पट्टे दिसतात. इथे एकूण एक रांगेत नुसता धूर ओघळलेला. कारंज्याच्या मुलीने फोटो हातात घेतला.

"ताई, यातलं काईच नाई वाचणार?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार. माझ्या हलगर्जीपणामुळे नमुने नष्ट झाले, त्याबद्दल मी माफी मागते. खाली सहीला जागा.

"सही करा, विषय संपेल," सर म्हणाले. "नाहीतर वर कळवावं लागेल. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

समोरचं गिऱ्हाईक उर्मट आहे की घाबरलेलं, हे मला बाजारात लहानपणीच कळायला लागलं होतं. सर घाबरलेले होते.

"करीन सही," मी म्हणाले. "एक अट हाय. माझं रक्त घ्या, दोन नळ्या करू. एकीले माझा ग्लोव्हमधला हात, दुसरीले तुमचा उघडा. पोरांसमोर. दोन्ही सारख्या निघाल्या तं सहीबी करीन अन् राजीनामाबी देईन."

"असले पोरखेळ मी करत नाही."

"मंग मी सही काऊन करू?"

कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

प्रयोग मी तरीही केला. तुलनेला कंट्रोलची नळी ठेवल्याशिवाय कोणावर ठपका ठेवायचा नाही, हे मीच या पोरांना शिकवते. रक्त माझं. एक नळी कारंज्याच्या मुलीने ग्लोव्ह्ज घालून केली. दुसरीसाठी सरांचा हात नव्हता. आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसलेला मुलगा पुढे आला. त्याने ग्लोव्ह काढला.

"मॅडम, माझा हात चालेल?"

"चालन. पिपेटच्या टोकाले बोट लाव. सर लावत होते ना, तसंच."

जेलवर एकीकडे दोन पट्टे, दुसरीकडे धूर. कोणी हसलं नाही.

दोन्ही दिवसांचे फोटो आणि सातही विद्यार्थ्यांच्या सह्या, असा अर्ज मी स्वतःच वर दिला. माफीनामा परत कोणी काढला नाही. पण सरांना कोणी काही विचारलंही नाही. अंगठी बोटात आहे. मुलीचे नमुने गेले ते गेले.

आणि यात माझाही हात आहे. इतकी वर्षं मी त्यांच्या नळ्या बदलल्या. त्यांची चूक त्यांना कधी दिसूच दिली नाही. त्यांच्या नावाला मी पॉलिश करत बसले आणि भोगलं त्या पोरीने. सरांच्या टोमण्यापेक्षा हे जास्त झोंबतं.

नव्या सत्राचं वेळापत्रक आलं. प्रात्यक्षिकापुढे पुन्हा सरांचं नाव. मी ते परत पाठवलं, सोबत माझ्या हाताने लिहून. प्रात्यक्षिक मी शिकवणार असेन तर तिथे माझं नाव छापा. सरांचं नाव छापायचं असेल तर सरांनी शिकवावं. मी शेजारी उभी राहीन. एकही नळी बदलणार नाही. ज्या क्षणी उघडा हात नमुन्याकडे जाईल, त्या क्षणी तो मनगटाला धरून थांबवीन, सगळ्यांसमोर. मग तो हात कोणाचाही असो.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. लिहिलंय त्यातला एक शब्दही मी कमी करणार नाही.