जबाबाची जागा

पावलूकाका गेले तेव्हा मी तारकर्लीत पाहुण्यांना खोल्या दाखवत होतो. त्यांच्या मुलीचा, ल्युसीचा, फोन आला. शनिवार होता. शनिवारी आम्हा खोल्या भाड्याने देणाऱ्यांना मरायलाही फुरसत नसते, असं मी काकांना कितीदा तरी हसत हसत ऐकवलं होतं.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. कट्टा गावाच्या अलीकडे आमची मोजक्या ख्रिस्ती घरांची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी चुना लावलेला खुरीस, म्हणजे क्रूस. दर शनिवारी दिवेलागणीला काका तिथे लादाईन म्हणायचे. एकाने येशूच्या आईचं, मारियेचं, एकेक नाव गायचं आणि बाकीच्यांनी जबाब द्यायचा, ‘आमचे खातीर विनती कर’. लहानपणी आम्ही पोरं जबाबाला गळा फाडायचो, कारण शेवटी उकडलेले चणे मिळायचे. पुढे आम्ही मोठे झालो, चणे विकत घ्यायची ऐपत आली, आणि खुरसापाशी काका एकटे उरले.

एकटे असले तरी त्यांची रीत तीच. नाव गायचं आणि थांबायचं, जबाबाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग पुढचं नाव. एकदा मी गाडी थांबवून विचारलं, काका, जबाब कोण देणार, माड? ते रागावले नाहीत. कधीच रागावत नसत, हीच तर पंचाईत होती.

"जबाब माझो नाय रे," ते म्हणाले. "तो दुसऱ्यान देवचो. माका थांबूचा आसा."

आणि लगेच, येतोस का आज, एक तरी नाव म्हणून बघ. मी घड्याळ पाहिलं. हे ते मला दर भेटीत विचारत, तोंड वाकडं न करता, जणू पहिल्यांदाच विचारताहेत.

कीव येऊन मी त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिला, मोबाइलवरची लादाईन लावायला. काकांनी डोळे मिटून सगळी ऐकली. "बरा गाता," म्हणाले, "पण थांबना नाय." स्पीकर पुसून त्यांनी कपाटात ठेवला. आयती सोय नाकारणारा हा माणूस मला तेव्हा हट्टी वाटला.

माती दिली त्या संध्याकाळी सारी वाडी खुरसापाशी जमली. मुंबईहून, गोव्याहून माणसं आलेली. मेणबत्त्या लागल्या आणि ल्युसीने विचारलं, "पपाची लादाईन कोण म्हणतलो?"

आम्हाला ती यावी म्हणून जन्मभर झटलेला माणूस गेला होता, आणि त्याच्यासाठी म्हणायला चार नावांपुढे एकालाही येत नव्हतं. मग मी शहाणपणा केला. कपाटातून तो स्पीकर काढून आणला आणि मोबाइलवरची लादाईन लावली. गाणाऱ्यांनी नाव घेतलं, जबाबही त्यांनीच दिला, आणि आम्ही तोंड उघडेपर्यंत पुढचं नाव आलं. बायकांनी दोनदा सूर धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मधेच जाहिरात लागली, घराच्या रंगाची. मी मोबाइलवर बोटं आपटत होतो आणि ल्युसी खाली मान घालून उभी होती. काकांनी सांगून ठेवलं होतं की ते यंत्र थांबत नाही... तरी मी तेच लावलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अजून ल्युसीला फोन करायचा धीर होत नाही.

गेल्या शनिवारी पाहुणे बायकोवर सोपवून मी खुरसापाशी गेलो. कोणी नव्हतं. काकांच्या चालीत पहिलं नाव म्हटलं आणि थांबलो. रस्त्यावरून एसटी गेली. कोणी बघतंय का म्हणून मी मागे वळून पाहिलं. दुसरं नाव. पुन्हा ते थांबणं... ते इतकं लांब असतं हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या नावानंतर सोसवेना, आणि जबाब मीच देऊन टाकला.