गणेशपुरीची कुंडं मी बंद ठेवली

सत्याशी मी आयुष्यात कधीही तडजोड केलेली नाही — असं मी लिहून दिलेलं आहे. पत्रकारितेच्या प्रवेशअर्जात 'आपण हे क्षेत्र का निवडले?' असा प्रश्न होता, त्याखाली. शेवटी सही केली, वर फोटो चिकटवला. अर्ज मंजूर झाला. जूनमध्ये मी पुण्याला जाते आहे.

जाण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, जी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. देवाला माहीत असेल तर तो गप्प बसला आहे, त्याबद्दल त्याचे आभार.

कुठून सुरू करू? नानांपासून करते.

नाना म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव भिवंडीजवळ, पूर्ण्याच्या जरा पुढं, जिथं पूर्वी भात व्हायचा आणि आता गोदामं होतात. नाना एसटीत ड्रायव्हर होते. भिवंडी-गणेशपुरी-वज्रेश्वरी हा रस्ता त्यांना इतका पाठ, की काचबिंदूनं नजर गेली तरी कुठला खड्डा कुठं आहे हे ते सांगतात. (खड्डेही जागा बदलत नाहीत, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.) माणूस समोर उभा राहिला की त्यांना आकार दिसतो. अक्षर दिसत नाही. म्हणून रोज सकाळी सात वाजता ओट्यावर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, निधनवार्ता दोनदा.

वाचून झालं की नाना काठी घेऊन गोदामाच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जायचे. टपरीवाला जौनपूरचा. तो विचारायचा, "नाना, आज का ताजा बोलो," आणि नाना आत्ताच मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून आल्यासारखे सगळं सांगायचे. ट्रकवाले ऐकायचे, गावातली म्हातारी मंडळी ऐकायची. आमच्या भागात पेपर विकत घेणारी घरं बरीच आहेत. वाचणारे एकटे नानाच होते, आणि त्यांना दिसत नव्हतं.

आता हे लक्षात घ्या, की रोज सकाळी सात वाजता मोठ्यानं अग्रलेख वाचणं हे काही सोपं काम नाही. सुरुवात गाळण्यापासून झाली. आधी अग्रलेख गाळला. मग परिच्छेद गाळले. पण गाळलं की पेपर लवकर संपायचा आणि नाना म्हणायचे, "एवढाच? आज देशात काय झालंच न्हाय?" मग काय करायचं? थोडं घालू लागले. एका बिबट्याला मी कसाऱ्यापासून पडघ्यापर्यंत आठवडाभर चालवत आणलं. गावातल्या बायका कोंबड्या दुपारीच आत घेऊ लागल्या, तेव्हा त्याला परत जंगलात सोडलं.

पण बिबट्या हा माझा गुन्हा नाही. बिबट्या हा सराव.

दर रविवारी नाना एसटीनं गणेशपुरीला जायचे, आणि त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे होतं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात ते तासभर बसायचे. कारण सांगायचे गुडघ्यांचं. खरं कारण काशिनाथकाका होते, त्यांचे कंडक्टर. आयुष्यभर एकाच गाडीवर दोघांनी ड्युटी केली, एकानं पुढं बघायचं, दुसऱ्यानं मागं. निवृत्तीनंतर काशिनाथकाका गणेशपुरीत राहिले. ते फोन वापरत नाहीत. "जल्मभर मी घंटी मारली, आता कोणाची ऐकनार न्हाय," म्हणतात. म्हणजे दोघांची भेट फक्त रविवारी, फक्त पाण्यात. आठवडाभर नाना त्या एका तासाची वाट बघायचे. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगते — माहीत होतं.

आणि दोनेक वर्षांपूर्वी आम्ही मनालीला जायचं ठरवलं.

आम्ही म्हणजे कॉलेजच्या सहा मैत्रिणी. बी.कॉम. झालं होतं. मी कधी एमबीए करणार होते, कधी जर्मनीला जाणार होते, एक पंधरवडा तर उपजिल्हाधिकारीही होणार होते. त्यातलं काहीच ठरत नव्हतं, म्हणून मनाली ठरवायची होती. ग्रुपचं नाव 'मनाली फायनल'. दर रविवारी सकाळी अकरा वाजता भिवंडीत एकीच्या घरी बैठक. हॉटेल कुठलं, थंडी किती, कुणाचे बाबा नाही म्हणाले. बैठक अकराची आणि गणेशपुरीची एसटी साडेनऊची. मी काय करायला हवं होतं? नानांना सांगायला हवं होतं, की या रविवारी मला जमत नाही. ते म्हणाले असते, "बरं बाय." एवढंच म्हणाले असते. आणि मला वाईट वाटलं असतं. ते मला नको होतं.

म्हणून एका शनिवारी, पान तीनवर, एका पतसंस्थेच्या जाहिरातीकडे बघत मी वाचलं — "गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे दुरुस्तीच्या कामानिमित्त पुढील आदेश येईपर्यंत बंद राहणार असल्याचे समजते."

भाषा बघा. 'असल्याचे समजते'! कुणाला समजते? पण नाना सरकारी नोकरीतला माणूस. 'पुढील आदेश' म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "काश्या काय करल गं आता?"

मी म्हणाले, "ते पण थांबतील." आणि पान उलटलं.

मला एक रविवार हवा होता. पण आदेश पुढचा होता ना? सोमवारी नानांनी विचारलं, "आदेश आला का?" मंगळवारी विचारलं. काश्याच्या घरी नेशील का, असंही एकदा विचारलं; मी म्हणाले, आदेश आला की जाऊ. दुसऱ्या शनिवारपर्यंत मला मनालीच्या बैठकीची सवय लागली होती. मग मी काम वाढवलं. पायऱ्या उखडल्या. पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. निविदा काढली, रद्द केली, फेरनिविदा काढली. खरं सांगू? ती फेरनिविदा वाचताना मला थोडा अभिमान वाटला.

तुम्ही विचाराल, गावातलं कुणीच तिकडं गेलं नाही? गेली ना. दोन माणसं गेली, लोक आंघोळ करताना बघून आली, आणि टपरीवर तसं बोललीही. नाना म्हणाले, "ते बिगरपरवान्याचे बसलेत." विषय संपला. त्यानंतर गावातली बाकीची गुडघेदुखीही घरीच राहिली. आमच्या घरात आई पेपर वाचत नाही आणि बाबा फक्त शेवटचं पान बघतात. मी चौदा महिने गणेशपुरीची कुंडं बंद ठेवली, आणि एकाही माणसानं एकही पेपर उघडून बघितला नाही.

मनालीला आम्ही अजूनही गेलेलो नाही.

मग नानांनी निवेदन दिलं.

मला याची कल्पना यायला हवी होती. ज्या माणसानं खात्याला आयुष्यभर अर्ज केले, तो किती दिवस गप्प बसणार? त्यांनी टपरीवरची सात म्हातारी माणसं जमवली आणि आमच्या भागाच्या भावी आमदारांना गाठलं. हे गृहस्थ गेली अकरा वर्षं भावी आहेत. निवेदन घेताना त्यांनी ते वाचलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी फोटो पेपरात. 'कुंडे तातडीने सुरू करा — ज्येष्ठ नागरिकांची मागणी.'

ती बातमी मी नानांना वाचून दाखवली. खरीखुरी, छापलेली, माझ्या खोट्यातून जन्मलेली. वाचताना मी ओळीखाली बोट धरलं. नाना म्हणाले, "आज बरी वाचलीस. मनापासून." मग ते कात्रण त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जिथं पूर्वी लायसन ठेवायचे त्या आतल्या खिशात ठेवलं.

मी घाबरले. आता कुणीतरी खरंच चौकशी करणार! म्हणून त्याच आठवड्यात मी कुंडं उघडली. "जनभावनेचा आदर करून," असं वाचलं.

नानांनी टपरीवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स. 'अथक पाठपुराव्याला यश!' भावी आमदारांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्टच्या आकाराची बत्तीस डोकी. चौदा महिन्यांचं सगळं काम मी एकटीनं केलं होतं. श्रेय दुसऱ्यानं घेतल्याचं मला वाईट वाटलं — ही माझी नैतिक पातळी होती, हेही सांगून टाकते.

रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. नाना, त्यांचे सात म्हातारे, मी, भावी आमदार, नारळ, हार आणि फीत. फीत बांधायला कुंडाशी जागा मिळेना, कारण कुंडात माणसं होती. भावी आमदार क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बघा! सुरू होताच केवढा प्रतिसाद!" आणि नारळ फोडला. मोठी माणसं मोठी का असतात हे मला त्या दिवशी कळलं.

नाना काठी टेकत पाण्याच्या कडेला गेले. पाण्यात गळ्यापर्यंत काशिनाथकाका बसले होते.

"चवदा महिने!" काका ओरडले. "मेलास का जिता हायस, मना कसं कळनार? मी दर ऐतवारी दोघांची जागा धरून बसतंय हितं!"

"कुंड बंद व्हतं," नाना म्हणाले.

"बंद? मग मी काय कोरड्या धोंड्यावर आंघोळ करत व्हतो?"

"पेपरात आलेलं, काश्या."

"पेपर खोटा हाय तुजा!"

नाना ताठ झाले. "माजी नात वाचते पेपर," म्हणाले. "अक्षर न् अक्षर वाचते. तुजं डोकं गेलंय."

आता बोलायचं होतं. हाच तो क्षण. मी दोन पावलांवर उभी होते, हातात नानांचा टॉवेल. एक वाक्य पुरलं असतं ना? काशिनाथकाकांनी माझ्याकडे बघितलं — ते माझ्याकडेच बघत होते, कारण चांगले डोळे त्यांचेच होते. आणि मी टॉवेलाची घडी घातली. घातलेली मोडली, पुन्हा घातली.

त्यानंतर पाच महिने ते दोघे एकाच कुंडात एकमेकांकडे पाठ करून बसले. मी नानांना दर रविवारी नेलं. त्याला प्रायश्चित्त म्हणू नका. बैठका बंद पडल्या होत्या, दोघींची लग्नं ठरली होती. घरी येताना नाना एसटीत म्हणायचे, "काश्याचं वय झालं गं. वाईट वाटतं." आणि मी खिडकीतून बाहेर बघायची. गणेशपुरीतल्या दुकानदारांनाही नानांनी सांगून ठेवलं होतं, की काशिनाथला काही आठवत नाही, त्याला जरा सांभाळून घ्या. लोक काकांशी सावकाश आणि मोठ्यानं बोलू लागले.

मागच्या महिन्यात नानांनी खिशातून पिशवी काढली. "बाय, हे वाच त्याच्यासमोर. एकदाच काय तो निकाल लागू दे."

मी वाचलं. कुंडाच्या पायरीवर उभी राहून, स्वच्छ आवाजात, फोटोखालच्या नावांसकट. त्यात मी एकही शब्द गाळला नाही, एकही घातला नाही. बऱ्याच दिवसांनी मी पेपर जसा होता तसा वाचत होते.

काशिनाथकाकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातातलं कात्रण ओल्या बोटांनी ओढून स्वतः वाचलं. एकदा नानांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पाण्याकडे बघत राहिले.

"आसंल बाबा बंद," ते म्हणाले. "मी रोज यायचो, पन मना काय ध्यानात आलं न्हाय."

नाना पाण्यात सरकून त्यांच्या शेजारी बसले, आणि मी कात्रण वाळत घातलं.

काका हे खरंच मानून बोलले, की शेजारची जागा भरावी म्हणून बोलले, ते मी विचारलेलं नाही.

मी पुण्याला गेल्यावर पेपर कोण वाचणार, ते परवा ठरलं. नाना रोज सकाळच्या एसटीनं गणेशपुरीला जातील आणि काशिनाथकाका वाचतील. टपरीवाल्याच्या बायकोचं माहेर त्या रस्त्यावर आहे, टपरीचं दूध ती रोज तिथूनच आणते, तीच सोबत करेल. गेल्या रविवारी त्याची तालीमही झाली. काकांनी चष्मा पुसून, सावकाश, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. काहीही गाळलं नाही.

नाना म्हणाले, वाचतो बरा, पण त्याच्या पेपरात बातम्या कमी असतात.