मागच्या कपाटाच्या बाई

आमच्या लायब्ररीबाई वाचकाच्या हातातलं पुस्तक काढून घेत असत. वाढवून सांगत नाहीये. तुम्ही चांगलं गुळगुळीत कव्हरचं पुस्तक निवडून काउंटरवर ठेवलंत की त्या चष्म्यावरून आधी पुस्तकाकडे बघायच्या, मग तुमच्याकडे बघायच्या आणि ते पुस्तक सरळ आपल्या खुर्चीमागे ठेवून द्यायच्या. "हे तुझ्यासाठी नाही," एवढं बोलून मागच्या खोलीत जायच्या आणि येताना भलतंच काहीतरी घेऊन यायच्या. नवी माणसं चिडायची. वर्गणी आमची आणि निवड हिची? पण पंधरा दिवसांनी तीच माणसं काउंटरवर वाकून हळूच विचारायची, "बाई, आता काय देताय?"

लग्न होऊन मी कोपरखैरण्याला आले ती नव्वदीची सुरुवात. आमच्या सेक्टरच्या मार्केटच्या टोकाला दोन खोल्यांचं वाचनालय होतं. पुढच्या खोलीत काउंटर आणि वर्तमानपत्रांचं टेबल, मागच्या खोलीत एक भलंमोठं लाकडी कपाट. हे तुर्भ्याला फॅक्टरीत जायचे, घरात मी आणि सासूबाई. आमचं दोघींचं रोज कशा ना कशावरून वाजायचं. एकदा असंच डाळीच्या फोडणीवरून बिनसलं आणि मी चपला घालून तडक वाचनालय गाठलं. म्हटलं, सासू-सुनांची एखादी कौटुंबिक कादंबरी द्या.

"सासू घरात आहे ना?" बाई म्हणाल्या.

"आहे."

"मग पुन्हा पुस्तकात कशाला हवी?"

आणि माझ्या हातात काय ठेवलं, तर समुद्रातल्या दीपगृहावर नोकरी केलेल्या एका माणसाच्या आठवणी! कव्हर नाही, कागद पिवळा. मी पाय आपटत घरी आले. पण त्या रात्री वाचायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भात करपला. महिनोन्‌महिने दुसऱ्या माणसाचं तोंड न बघता तो गडी तिथे राहिला होता. मला त्याचा इतका हेवा वाटला की विचारू नका.

पुस्तक परत करायला गेलं की बाई नुसतं घेऊन ठेवत नसत. विचारायच्या. "कुठे रडलीस?" "कंटाळा कुठे आला?" आला नाही म्हटलं तर भडकायच्या. "खोटं बोलू नकोस. मधली पन्नास पानं मलाही कंटाळवाणी वाटली होती." न वाचता परत केलेलं पुस्तक त्यांना कसं कळायचं देव जाणे. तेच पुस्तक त्या पुन्हा तुमच्याच हातात द्यायच्या. एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी एकच चरित्र तीनदा घरी पाठवलं. शेवटी बिचाऱ्यांनी सुट्टी टाकून वाचलं.

मागच्या कपाटात होती ती सगळी अशीच पुस्तकं. कुणाचे वडील गेले, कुणी मुंबईचं घर विकून इकडे आलं, की त्यांची पुस्तकं पिशव्यांतून आमच्याकडे यायची. शिकारीच्या हकिकती, गलबतांवरचे प्रवास, मिठागरांची माहिती, मधमाशा, बाळंतिणीची निगा, काय वाट्टेल ते. पुढच्या शेल्फातलं काहीही मागा, बाई नाक मुरडायच्या. मागच्या कपाटाची किल्ली मात्र त्यांच्या कमरेला असायची. त्यांचे यजमान शेजारच्या पावणे गावात एका वर्कशॉपात फोरमन होते, फार कमी बोलणारा माणूस. आम्ही त्यांना फोरमनकाका म्हणायचो. ते म्हणायचे, "घरातलं कपाट उघडं टाकून जाते आणि तिथलं तीनदा ओढून बघते."

दिवाळीच्या आधी दरवर्षी वाचनालयाबाहेर टेबल मांडून जुन्या पुस्तकांची विक्री व्हायची. दिवाळी अंक यायचे, त्यांना जागा करायची. पुढच्या शेल्फातल्या फाटक्या, दोन-दोन प्रती असलेल्या रहस्यकथा वगैरे काढायच्या. विक्रीला बाईच बसायच्या आणि असा विक्रेता मी जन्मात दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाइकानं पुस्तक उचललं की म्हणायच्या, "ठेव ते. शेवटची पानं नाहीत. खून मेव्हण्यानं केला, जा आता घरी." कुणी नुसतं शोकेसमध्ये लावायला जाड पुस्तक मागितलं तर त्याला समोरच्या दुकानातल्या फुलदाण्या दाखवायच्या. संध्याकाळी टेबलावरचे ढीग जवळजवळ तसेच असायचे आणि बाई खूश असायच्या.

हे वाचनालय समितीच्या चेअरमनसाहेबांना कसं पटावं? माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. वाचनालयासाठी खूप खेटे घातले होते त्यांनी. पण एका वर्षी कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढायचा असं समितीनं ठरवलं आणि कपाट रिकामं करायला एक नियम काढला. तीन वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही, ज्याच्या मागच्या पट्टीवर तारखेचा शिक्का नाही, ते दिवाळीच्या विक्रीत काढायचं आणि उरेल ते त्याच दिवशी रद्दीत घालायचं. बाई कितीही मागे लागल्या तरी कपाटातलं प्रत्येक पुस्तक वाचकांत फिरवणं एका माणसाला शक्य नव्हतं. निम्म्याहून जास्त पुस्तकं त्या नियमात बसत होती.

"कॉम्प्युटर आणा की!" बाई समितीसमोर कडाडल्या. त्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या टेबलाशी होते, म्हणून ऐकलं. "माझ्या टेबलावर ठेवा, माझ्या डोक्यावर ठेवा. पण कुणी नेलं नाही म्हणून पुस्तक मेलं, हे ठरवणारे तुम्ही कोण? तुमच्याकडे तरी तीन वर्षांत कोण आलंय?"

चेअरमनसाहेब म्हणाले, "बाई, टेन्शन घेऊ नका. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम ना? मग झालं तर."

मला वाटलं, हरल्या. दुपारी गेले तर त्या कपाटासमोर जमिनीवर बसून पुस्तकं पुसत होत्या. मी माझी अक्कल पाजळली. "बाई, शिक्का तुमच्याच हातात आहे. बसा आणि मारा सगळ्यांवर. कोण बघतंय?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. "न वाचलेल्या पुस्तकावर मी शिक्का मारू? मग ते न वाचता विकणार आणि मी न वाचता शिक्के मारणार, आमच्यात फरक काय गं? शिक्का खरा पडेल. तू आधी तुझ्या सासूला घेऊन ये."

त्यानंतरचे दिवस आमच्या सेक्टरमध्ये नुसती धमाल होती. घरटी एकच कार्ड असायचं. बाईंनी घरोघर जाऊन सासऱ्यांची, दिरांची, नणंदांची कार्डं काढली. बरं, समोर आला त्याच्या गळ्यात मारलं असंही नाही. पत्रिका जुळवल्यासारखं प्रत्येकाला जुळवून द्यायच्या. गॅलरीत कुंड्या लावणाऱ्याला मधमाशा, घरात बाळंतीण आली तिथे बाळंतिणीची निगा. आमच्या सासूबाईंना दिल्या शिकारीच्या हकिकती. मी मनात म्हटलं, आता बघा मजा. तर काय, आमच्या सासूबाई जेवताना वाघाच्या पंजाची मापं सांगायला लागल्या! फोडणीवरून बोलायला त्यांना वेळच राहिला नाही.

मार्केटच्या तोंडाशी गावातली हिराबाय मासळी घेऊन बसायची. तीही एक दिवस आली. "बाय, मना पन देस एक. मना वाचाला येत नाय, पन माजी पोर वाचून दाखवल."

बाईंनी तिला मिठागरांचं पुस्तक दिलं, कारण तिचा बाप मिठागरावर राबलेला. "पाटीत नको घालूस हो," बाई म्हणाल्या.

"मी काय येडी हाय?" म्हणत तिनं ते लुगड्याच्या स्वच्छ पदरात गुंडाळलं. परत करायला आली तेव्हा बाईंनी नेहमीसारखं विचारलं, आणि हिराबायनं बापाच्या आठवणींसकट सगळं पुस्तक सांगायला घेतलं. रांग मार्केटपर्यंत गेली. बाई हलल्या नाहीत आणि कुणाची बोलायची छाती झाली नाही.

विक्रीचा दिवस उजाडला. बाहेर मांडव, टेबलं, समितीनं बोलावलेले पाहुणे, बाजूला तागडी घेऊन रद्दीवाला. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. चेअरमनसाहेबांनी पाहुण्यांना मागच्या खोलीत नेलं आणि किल्ली मागून घेऊन कपाट उघडलं. आत डांबराच्या गोळ्या तेवढ्या होत्या.

"पुस्तकं कुठायत?"

"वाचायला गेलीत."

"सगळी?"

"सगळी. वाचनालय आहे हे. दुसरं कुठे जातील?"

पाहुणे खो खो हसले आणि तिथेच घात झाला. चेअरमनसाहेब लालबुंद झाले. आम्ही बायका दारात उभं राहून टाळ्या पिटत होतो, तेही त्यांच्या डोळ्यांत खुपलं असणार. रद्दीवाला तागडी उचलून गेला.

पुढच्याच सभेत बाईंना कामावरून काढलं. कुठला नियम मोडला, असं त्यांनी विचारलं, तर कुणाला सांगता येईना. मग म्हणे कॉम्प्युटर येणारा ग्रंथपाल हवाय. आम्ही सगळ्या चेअरमनसाहेबांच्या घरी गेलो, तावातावानं भांडलो, उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी समितीनं शाल-नारळ आणला. बाईंनी नारळ घेतला, "आमटीत लागेल," म्हणाल्या. शाल तशीच टेबलावर ठेवून निघाल्या. माझ्या डोळ्यांना धार लागलेली. तर मलाच ओरडल्या, "रडतेस काय? कपाट राहिलं की नाही? मी काय त्या खुर्चीत जन्मले होते?" पण फाटकाशी चप्पल घालताना त्यांना पट्टाच सापडेना. मला आजही त्या समितीचा राग येतो आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई सभासद म्हणून हजर! बाहेरच्या बाकावर बसल्या. झालं, लोक आधी बाकाकडे, मग काउंटरकडे. चार दिवसांत सूचना लागली : आवारात विनाकारण बसू नये. बाई उठल्या. हिराबायनं लांबून हाक मारली, "या बाय, बसा हितं. बघू कोन उठवतंय तुमाना."

आणि जन्मात मासा न खाल्लेल्या आमच्या बाई नाकाला रुमाल लावून मासळीच्या पाट्यांशेजारी स्टुलावर बसू लागल्या. रोज, संध्याकाळी. सुरमई घ्यायला गेलेलं माणूस पुस्तकाचं नाव घेऊन यायचं, आणि पुस्तकाचं नाव विचारायला गेलेल्याला हिराबाय मांदेली घेतल्याशिवाय सोडायची नाही. नवा ग्रंथपाल बिचारा सज्जन होता. तोही सुट्टीच्या वेळात तिथे येऊन उभा राहायचा. मागच्या कपाटातलं पुस्तक परत आलं की आठवड्याच्या आत पुन्हा बाहेर जायचं. नियम चेअरमनसाहेबांचाच, त्यामुळे कपाटाला हात लावायची सोय राहिली नाही. कॉम्प्युटर आले ते पुढच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे बसवले. मुलं तेही शिकली. काही अडलं नाही.

दोन-तीन वर्षं असं चाललं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी बाईंना ताप भरला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मी विश्वासच ठेवायला तयार नव्हते. सकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा फोरमनकाका भिंतीला टेकून बसले होते.  बाईंना नेऊन आम्ही परत आलो, तेव्हा त्यांनी मान वर करून मला एवढंच विचारलं, "आज लायब्ररी उघडली ना?"

 मी उठले. सासूबाई उठल्या, हिराबाय उठली, आणखी पाच-सहाजणी आल्या. आंघोळी करून, ओल्या केसांनी, सरळ मार्केटच्या टोकाला गेलो. दाराला कुलूप होतं. बाहेरच्या फळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या माजी ग्रंथपाल बाईंच्या दुःखद निधनानिमित्त आज वाचनालय बंद राहील.' चेअरमनसाहेब किल्ली घेऊन पायरीवर उभे होते. त्यांचेही डोळे सुजलेले होते, ते मी नाकारणार नाही.

"उघडा," मी म्हटलं.

"अहो, असं कसं? रीत असते. त्यांच्या मानासाठीच बंद ठेवलंय."

"ओ साहेब," हिराबाय म्हणाली, "ती गेली म्हनून तिची पुस्तका कोंडून ठेवता काय?"

"त्यांचा मान कशात होता ते तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "जिवंतपणी तो राखला नाहीत, आता तरी उघडा. नाहीतर आम्ही सगळ्या इथे पायरीवर बसतो, बघा."

 ते वळले आणि त्यांनी कुलूप काढलं. बायका आत गेल्या, कुणीतरी मागच्या खोलीतली ट्यूबलाइट लावली. मी बाहेर थांबले. पदरानं फळ्यावरचा एक शब्द पुसला, चेअरमनसाहेबांनी न मागता खडू पुढे केला, आणि मी लिहिलं. मग रात्रीपर्यंत मार्केटातून जाणारी माणसं फळ्यासमोर थांबत होती, वाचत होती आणि आत येत होती : 'आमच्या माजी ग्रंथपाल बाईंच्या दुःखद निधनानिमित्त आज वाचनालय चालू राहील.'