म्हातारा गेला

अख्ख्या कुवेतमध्ये एकाही यंत्राला सुखानं मरू न देणारा माणूस म्हणजे आमचे खालच्या मजल्यावरचे चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी इस्पितळात विजेच्या कामावर. कुणाकडेही गेले की आधी पंख्याची विचारपूस, मग माणसांची. आमच्या नव्याकोऱ्या रेडिओच्या पाठीवर हात ठेवून, चहा यायच्या आतच, "फार तापतो. पुढचा उन्हाळा काय काढत नाय," असं सांगून मोकळे झाले. बायकोनं त्यांच्याशी अबोला धरला. रेडिओ मात्र गातच राहिला, आणि चाचांना त्याचं मनापासून वाईट वाटायचं.

त्यांचा खरा जीव अडकला होता इस्पितळाच्या तळघरातल्या रेक्टिफायरमध्ये. वीज गेली की ऑपरेशनच्या खोलीतले दिवे बॅटऱ्यांवर चालत, आणि त्या बॅटऱ्या भरायचं काम या सेलेनियमच्या पत्र्यांच्या कपाटाचं. चाचा त्याला लाडानं 'म्हातारा' म्हणत. "तापतो, निवतो, परत तापतो. त्यानंच झिजतो बिचारा," असं सांगून रोज सकाळी त्याला हुंगत. सेलेनियम जळताना सडक्या मुळ्यासारखा वास सुटतो म्हणे. त्यामुळे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुळा शिजला, की चाचा जेवण टाकून तळघराकडे धावत.

त्याच इस्पितळात माझ्या बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मध्येच चाचा आले, टोपी हातात, चेहरा उतरलेला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हातारा गेला रे."

मी हमसून रडायला लागलो.

"अरे, वय झालंच होतं त्याचं! उद्या दुसरा बसवतो. सिलिकॉनचा. ह्याच्यापेक्षा बरा!"

"चाचा... बाबा?"

"बाबांना काय झालंय? बॅटऱ्या भरलेल्या आहेत. डॉक्टर टाके घालतायत."

मग त्यांना उमगलं. त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि मला मिठी मारली. इतकं हायसं मला पुन्हा कधी वाटलं नाही. बाबांना हे कळलं तेव्हा ते टाके धरून हसले. "माझे किती उन्हाळे राहिले?" त्यांनी विचारलं. चाचांनी वाकून हुंगलं आणि म्हणाले, "मुळ्याचा वास नाय. चालू द्या."

पुढे आम्ही मायदेशी परतलो, चाचा तिथंच राहिले. एके दिवशी त्यांचा पुतण्या दारात येऊन बातमी सांगून गेला. बाबांना कसं सांगावं ते सुचेना. शेवटी चाचांच्याच शब्दांत सांगितलं, "बाबा, म्हातारा गेला."

बाबांचा हात पोटावरच्या जुन्या वणाकडे गेला.

"यंत्र ना रे?" त्यांनी विचारलं.